यंत्रनियंत्रणाचे पहिले धडे
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आजच्या व्याख्यानासाठी आमची निवड केली, याबद्दल प्रथम आभार मानतो. आम्ही कोणी अभियंता नव्हे. १९७५ साली जुन्या अकरावीची, म्हणजे मॅट्रिकची, परीक्षा उत्तीर्ण झालो, पुढे शिक्षकाची पदविका घेतली आणि अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत गणित व मराठी शिकवून २०१६ साली सेवानिवृत्त झालो. अशा माणसाने यंत्रविद्येवर बोलावे हे काहींस विचित्र वाटेल. परंतु जून २०२२ पासून आपल्या वसतिगृहाच्या मागील खोलीत दर रविवारी जो वर्ग चालतो, त्याची हकिगत सांगण्याची आज्ञा झाली आहे; आणि तो वर्ग आमच्या पुतण्याच्या तंत्रज्ञानावर व आमच्या खडूवर चालत असल्याने खडूच्या वतीने आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

या वर्गात आम्ही मुलांना संगणकाच्या साह्याने यंत्र चालवावयास शिकवितो. मिलिंग यंत्र, लेथ, लाकडावर कोरीवकाम करणारे राऊटर, पत्रा कापणारे प्लाझ्मा यंत्र, या सर्वांची हालचाल पूर्वी कारागीर हाताने करीत असे. आता ती मोटरी करतात आणि मोटरींना संगणक आज्ञा देतो. कारखान्यांतून जी 'सीएनसी' यंत्रे आपण पाहतो ती हीच. त्यांचे नियंत्रण करणारी प्रणाली बहुधा कंपनीने बंद करून दिलेली असते. आमच्या वर्गात मात्र 'लिनक्ससीएनसी' नावाची प्रणाली वापरतात. ती विनामूल्य आहे, आणि तिचे अंतरंग कोणासही उघडून पाहता येते, बदलता येते आणि दुसऱ्यास देता येते.

तिचा इतिहास थोडक्यात सांगतो. अंकांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षणसंस्थेने १९५२ साली लोकांपुढे मांडले. त्यामागे जॉन पार्सन्स या कारखानदाराची कल्पना आणि अमेरिकी हवाईदलाचा पैसा होता. विमानाचे वक्र भाग हाताने अचूक कापणे दुर्घट झाले होते, म्हणून हा खटाटोप. त्या काळी आज्ञा कागदी फितीवर भोके पाडून देत असत. पुढे १९९० च्या दशकात तेथील सरकारी मानक संस्थेने यंत्रनियंत्रणाची एक खुली प्रणाली तयार केली. सरकारी नोकरांनी सरकारी कामात केलेल्या लेखनावर त्या देशात मालकीहक्क लागत नाही, त्यामुळे ती सर्वांची झाली. नंतर निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी ती हाती घेतली, वाढविली, आणि आधीच्या नावावर हक्काचा आक्षेप आल्यावर २०११ साली तिला लिनक्ससीएनसी हे नाव दिले. लिनक्स म्हणजे फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली खुली संगणकप्रणाली. लिनक्ससीएनसी तिच्यावर चालते. तिच्या परवान्याची अट अशी की, ती वापरा, बदला, विका देखील. पण ज्याला द्याल त्याला तिचे मूळ लेखनही खुले असले पाहिजे. घेतलेली विद्या पेटीत कुलूपबंद करून पुढे देता येत नाही.

ही अट आम्ही प्रथम ऐकली तेव्हा आम्हांस आमच्या वडिलांची आठवण झाली. आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या लोखंडावर आणि लाकडावर जगला. आमच्या वडिलांच्या कोयत्यांना चार गावांतून मागणी असे. कोयत्याला पाणी देण्याची वेळ आली की ते आम्हां मुलांस भट्टीबाहेर घालवीत. तापलेल्या पात्यावर फिक्या पिवळ्यापासून जांभळ्या-निळ्यापर्यंत रंग चढत जातो आणि त्यांतला नेमका रंग पकडून पाते विझवावे लागते, एवढेच आम्ही दाराच्या फटीतून पाहिले. कोणता रंग, किती वेळ, हे त्यांनी कोणास सांगितले नाही. परक्यास कळेल या भीतीने त्यांनी आपल्याच मुलांपासून ते जपून ठेवले. १९८३ साली ते गेले. थोरल्या बंधूंनी भट्टी चालविली, पण त्यांच्या कोयत्यांच्या धारा उडू लागल्या, गिऱ्हाईक तुटले आणि सहा वर्षांत भट्टी विझली. वडिलांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळी पोटाची विद्या सर्वच जपत. परंतु त्या फटीतून पाहणारा मुलगा आमच्यात अजून आहे, आणि तोच आम्हांस दर रविवारी वर्गावर घेऊन जातो.

आता वर्गाकडे येतो. आरंभ आम्ही फार वाईट केला. आपल्या समाजातील एका कारखानदार बंधूंनी जुने छोटे मिलिंग यंत्र दिले, पुतण्याने त्याला स्टेपर मोटरी बसविल्या, आणि पहिल्या रविवारी अकरा मुले जमली. आम्ही अडतीस वर्षांच्या सवयीने फळ्याकडे वळलो आणि दोन तास आज्ञांची यादी लिहून दिली. जी० म्हणजे जलद सरकणे, जी१ म्हणजे कापत सरळ जाणे, जी२ व जी३ म्हणजे वर्तुळाकार जाणे, एम३ म्हणजे स्पिंडल फिरविणे, एम५ म्हणजे थांबविणे. मुलांनी वह्या भरल्या. दुसऱ्या रविवारी चार मुले आली. शिक्षकास यापेक्षा स्पष्ट गुणपत्रिका मिळत नाही.

त्या रात्री आम्ही विचार केला की, पहिलीच्या मुलास आपण व्याकरण शिकवीत नाही, आधी बोलावयास लावतो. मग येथे व्याकरणापासून आरंभ का? तेव्हापासून आम्ही जो क्रम लावला, तोच आज आपणांपुढे ठेवतो. कारण दुसऱ्या गावी कोणी असा वर्ग काढू इच्छील तर त्यास आमच्या चुकांपासून तरी आरंभ करावा लागू नये.

पहिला धडा यंत्राशिवाय आणि संगणकाशिवाय होतो. वसतिगृहाच्या दिवाणखान्यात शहाबादी फरशी आहे. एका कोपऱ्यात खडूने शून्य काढावयाचे. पूर्वेकडे जाणारी फरशांची रांग म्हणजे एक्स, उत्तरेकडे जाणारी वाय. एक मुलगा टूल होतो आणि बाकीचे त्याला आज्ञा देतात. "एक्स तीन, वाय दोन" म्हटले की त्याने शून्यापासून तीन फरश्या पूर्वेस व दोन उत्तरेस जाऊन उभे राहावयाचे. मग "एक्स पाच, वाय दोन" म्हटले की नवशिका हटकून पाच फरश्या पुढे चालू लागतो आणि सगळे हसतात. त्याला दोनच फरश्या जावयाचे असते, कारण पाच हे अंतर शून्यापासून मोजलेले आहे. याला जी९० ची रीत म्हणतात. आता आहे त्या जागेपासून पाच फरश्या जा, असे म्हणावयाचे असेल तर ती जी९१ ची रीत. यादीतून दोन तासांत न समजलेली गोष्ट फरशीवर दहा मिनिटांत समजते.

यातच आम्ही तिसरी दिशा घालतो. हात वर म्हणजे टूल वर, हात खाली म्हणजे टूल लाकडात. ती दिशा झेड. नियम एकच: हात वर केल्याशिवाय नव्या जागी जावयाचे नाही. जो विसरतो त्याचा हात वाटेतल्या खुर्चीस लागतो. हा नियम आम्ही विनोदाने घातला. पुढे तो किती गंभीर आहे ते आम्हांस कळले.

दुसरा धडा संगणकावर, पण यंत्र न जोडता. लिनक्ससीएनसीबरोबर नकली यंत्राची तयार मांडणी येते. पडद्यावर यंत्र असते, तबक सरकते, टूल फिरते, पण प्रत्यक्षात काहीच मोडत नाही. ही प्रणाली साठवणीच्या काडीवरूनही सुरू करून पाहता येते, म्हणून मुले घरच्या किंवा शेजारच्या संगणकावर सराव करतात. एफ१ हे बटण दाबून आणीबाणीची अडवणूक काढावयाची, एफ२ ने यंत्र चालू करावयाचे, मग प्रत्येक दिशा तिच्या ठिकाणी नेऊन 'होम' करावयाची, हा क्रम आम्ही शुभंकरोतीसारखा पाठ करवून घेतो. मग मुले आपला पहिला प्रोग्राम लिहितात. तो पन्नास मिलिमीटर बाजूच्या चौकोनाचा असतो:

जी२१ जी९०
जी० झेड५
जी० एक्स० वाय०
जी१ झेड-१ एफ१००
जी१ एक्स५० एफ३००
जी१ वाय५०
जी१ एक्स०
जी१ वाय०
जी० झेड५
एम२

यात जी२१ म्हणजे मोजमाप मिलिमीटरमध्ये, एफ म्हणजे मिनिटास किती मिलिमीटर या वेगाने कापावयाचे, आणि एम२ म्हणजे प्रोग्राम संपला. बाकीचे फरशीवर शिकून झालेलेच आहे. एकदा एका मुलाने जी२१ ऐवजी जी२० लिहिले. जी२० म्हणजे इंच. पन्नास इंच म्हणजे १,२७० मिलिमीटर! प्रोग्राम यंत्राच्या मर्यादेबाहेर जातो, असे संगणकाने बजाविले. मुलगा खजील झाला. आम्ही त्याला शाबासकी दिली, कारण नकली यंत्रावर केलेली चूक ही फुकट मिळालेली शिकवणी होय.

तिसरा धडा पेनाचा. टूलच्या जागी स्प्रिंगवर बसविलेले साधे बॉलपेन लावावयाचे आणि तबकावर कागद चिकटवावयाचा. स्पिंडल बंद. तोच चौकोन आता खऱ्या यंत्राने काढावयाचा. येथे जी गोष्ट घडली ती आम्ही जन्मभर विसरणार नाही. यंत्राने मोठ्या ऐटीत चौकोन काढला, मुलांनी टाळ्या वाजविल्या, आणि आठवीतील एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, हा चौकोन नाही, आयत आहे." पट्टी लावून पाहिले तो वायची बाजू बरोबर ५० मिलिमीटर, पण एक्सची ४०!

पुतण्यास कारण तत्काळ उमगले असावे, पण आम्ही त्याला डोळ्यांनी खुणावले. एवढा चांगला उदाहरणसंग्रह छापून मिळत नाही. फळ्यावर आम्ही माहिती लिहिली. मोटरीला एक फेरा पुरा करण्यास २०० पावले लागतात. तिचा ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ भाग करतो, म्हणजे एका फेऱ्यास १,६०० ठोके. स्क्रूच्या एका फेऱ्यात तबक ५ मिलिमीटर सरकते असे आम्ही संगणकास सांगितले होते, म्हणजे मिलिमीटरला ३२० ठोके. मग ५० मिलिमीटरसाठी संगणकाने किती ठोके पाठविले? मुलांनी गुणाकार केला: १६,०००. त्यांचे फेरे किती? दहा. दहा फेऱ्यांत तबक चाळीसच मिलिमीटर सरकले, तर एका फेऱ्यात किती? ती मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "चार. एक्सचा स्क्रू वेगळा आहे, गुरुजी!" खरेच तसे होते. वायचा स्क्रू पुतण्याने नवा बसविला होता आणि एक्सचा जुनाच ठेवला होता. त्याची पिच ४ मिलिमीटरची होती. दोन्हींना एकच आकडा आम्ही लिहिला होता. एक्सपुरते ३२० च्या जागी ४०० केले आणि आयताचा चौकोन झाला.

श्रोतेहो, अडतीस वर्षे आम्ही त्रैराशिक शिकविले. आंबे आणि मजूर यांची उदाहरणे देऊन शिकविले. पण आकडा बदलला आणि लोखंड बरोबर वागू लागले, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले तेव्हा त्रैराशिकाचे सामर्थ्य आम्हांसही नव्याने कळले. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हा आकडा आम्हांस बदलता आला, कारण तो साध्या अक्षरांत लिहिलेल्या एका फाईलमध्ये आमच्यापुढे उघडा होता. पुतण्याने कारखान्यात जी यंत्रे चालविली, त्यांवर असे आकडे परवलीच्या शब्दामागे असत आणि ऑपरेटरला हिरवे बटण तेवढे माहीत असे. यंत्र अडले की बाहेरचा माणूस येईपर्यंत हात जोडून बसावयाचे. आपल्या समाजाची किती तरी हुशार मुले अशी हिरव्या बटणापाशी उभी आहेत. त्यांच्या हातात कसब नाही असे नव्हे. त्यांना दाराच्या फटीतूनही आत पाहावयास मिळालेले नाही.

चौथा धडा मेणाचा व लाकडाचा आणि पाचवा ॲल्युमिनियमचा. येथे आमच्या वर्गाचा सर्वांत कठीण दिवस सांगणे आम्हांस भाग आहे. तो झाकून ठेवला तर हे व्याख्यान खोटे ठरेल.

यंत्राला दोन शून्ये असतात. एक यंत्राचे स्वतःचे, जे होम केल्यावर ठरते. दुसरे जॉबचे, जे आपण ठरवितो. गावाच्या वेशीपासून अंतर मोजणे वेगळे आणि घराच्या उंबरठ्यापासून मोजणे वेगळे. वेस हलत नाही, पण घर बदलले की उंबरठा बदलतो. म्हणून प्रत्येक नवा जॉब बांधला की टूल हळूहळू त्याच्या पृष्ठभागास टेकवून "येथे शून्य" असे संगणकास सांगावे लागते. याला 'टच ऑफ' म्हणतात. यंत्राला जॉब दिसत नाही. आपण सांगू तेथे शून्य आहे, यावर त्याची आंधळी श्रद्धा असते.

त्या दिवशी आधीचा जॉब १२ मिलिमीटर जाडीची पट्टी होती आणि झेडचे शून्य तिच्या माथ्यावर धरलेले होते. सोळा वर्षांच्या एका मुलाने ती काढून २० मिलिमीटर जाडीचा तुकडा व्हाइसमध्ये बांधला आणि शून्य नव्याने न धरता प्रोग्राम सुरू केला. प्रोग्रामने शिकविल्याप्रमाणे टूल पाच मिलिमीटर वर उचलले. पण कशाच्या वर? जुन्या शून्याच्या. बारा आणि पाच मिळून सतरा. नवा तुकडा वीसचा. टूल त्याच्या माथ्यापासून तीन मिलिमीटर खाली होते, आणि पुढची आज्ञा जी० ची, म्हणजे पूर्ण वेगाने आडवे जाण्याची. कार्बाइडचे एंडमिल तुकड्याच्या कडेवर आदळून फुटले आणि एक कपची त्या मुलाच्या चष्म्यावर बसली. संरक्षक चष्मा घातल्याशिवाय यंत्रापाशी कोणास येऊ द्यावयाचे नाही, हा पुतण्याचा हट्ट होता. आम्हांस तो कित्येकदा अतिरेक वाटला होता. काचेवर डोळ्यासमोरच चरा उठला. डोळा वाचला.

त्या वेळी आम्ही कोठे होतो? ओसरीवर चहा घेत होतो. मुलांस आता येते, अशी आमची समजूत झाली होती. मुलाची चूक एक होती, आमच्या दोन. त्याला यंत्रापाशी एकटे सोडले ही पहिली. आणि शून्य धरण्याचा पाठ आम्ही एकदा सांगून पुढे गेलो, तो प्रत्येक वेळी तपासण्याची सवय लावली नाही, ही दुसरी.

मुलगा पुढले दोन रविवार आला नाही. त्याच्या मातोश्री विधवा आहेत, शिवणकामावर घर चालवितात. तिसऱ्या रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. बाई म्हणाल्या, "गुरुजी, टूलचे पैसे किती झाले ते सांगा, हप्त्याने देते." आम्हांस क्षणभर बोलता येईना. आम्ही म्हणालो, "बाई, पैसे मागावयास आलो नाही, माफी मागावयास आलो आहे. चूक शिकविणाराची होती." मुलगा आतल्या दाराआडून ऐकत होता. तो आमच्याबरोबर वर्गावर आला. त्याला आम्ही फळ्याशी उभे केले आणि बारा अधिक पाच आणि वीस, हे गणित त्यानेच सर्वांस समजावून दिले. आज नव्या मुलांस शून्य धरावयास तोच शिकवितो, आणि तो पाठ आमच्यापेक्षा त्याला अधिक चांगला साधतो.

त्या दिवसापासून भिंतीवर मराठीत पाटी लावली आहे. जॉब बदलला, टूल बदलले किंवा यंत्र बंद करून सुरू केले, की शून्य तपासा. पहिल्यांदा प्रोग्राम चालवाल तो जॉबच्या वर, हवेत चालवा. वेगाचा सरकपट्टा खाली आणून ठेवा आणि हात लाल बटणावर असू द्या. लांब बाह्या, हातमोजे, मोकळे केस व ओढणी यांसह फिरत्या स्पिंडलजवळ येऊ नका. आणि लाल बटणाविषयी विशेष: ते केवळ संगणकास निरोप देणारे नसावे, त्याने मोटरींचा व स्पिंडलचा वीजपुरवठा स्वतः तोडला पाहिजे. संगणक गोठला तर निरोप कोण ऐकणार?

संगणकाविषयी थोडे सांगतो, कारण देणगी देऊ इच्छिणारे बंधू विचारतात. मोटरीला जाणारे ठोके तालात पडले पाहिजेत. ढोलकीवाल्याचे मन क्षणभर दुसरीकडे गेले की लावणी मोडते, तसे संगणक दुसऱ्या कामात गुंतून ठोका उशिरा पडला की मोटर अडखळते. म्हणून ही प्रणाली लिनक्सच्या अशा प्रकारावर चालते, की ज्यात वेळेच्या कामास सर्वांच्या आधी मान मिळतो. कोणता संगणक किती ताल चुकतो हे पाहण्याची परीक्षा तिच्यातच आहे. समांतर पोर्टातून थेट ठोके पाठविणाऱ्या आमच्यासारख्या यंत्रास ही चूक सुमारे २०,००० नॅनोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागाच्या आत असली तर उत्तम. आम्हांस दोन संगणक मिळाले होते. नवा आणि वेगवान होता तो नापास झाला. जुना, कचेरीतून काढून टाकलेला, उत्तीर्ण झाला. तेव्हा आपल्या घरी माळ्यावर पडलेल्या जुन्या संगणकास कमी लेखू नका. त्याच्या पाठीमागे पंचवीस भोकांचे लांबट समांतर पोर्ट असेल, तर तो आम्हांस दाखविल्याशिवाय भंगारात घालू नका.

पुढे गेलेल्या मुलांसाठी या प्रणालीत 'हॅल' नावाचा भाग आहे. घराच्या वीजजोडणीत कोणत्या बटणापासून कोणत्या दिव्यास तार गेली हे जसे आपण ठरवितो, तसे मोटर, सीमादर्शक स्विच, लाल बटण, स्पिंडल यांच्या तारा संगणकाच्या आत नावे देऊन जोडता येतात, आणि कोणत्या तारेतून या क्षणी काय जात आहे ते पडद्यावर पाहता येते. एखादी गोष्ट का होत नाही, असे मुलाने विचारले आणि आम्हांस उत्तर येत नसले, तर आम्ही निःसंकोच म्हणतो, "आम्हांस माहीत नाही, चला उघडून पाहू." शाळेत आम्ही हे वाक्य अडतीस वर्षांत पाच-सहा वेळाही उच्चारले नसेल. या वर्गात ते दर रविवारी उच्चारतो, आणि आमचा मान त्याने कमी झालेला नाही.

पालक विचारतात, यातून नोकरी लागेल काय? आम्ही खोटी आशा दाखविणार नाही. मोठ्या कारखान्यांतून फॅनुक, सीमेन्स अशा कंपन्यांची नियंत्रणे चालतात. तेथे लिनक्ससीएनसीचे नाव घेऊन दार उघडेलच असे नाही. परंतु जी आणि एम च्या आज्ञांचा गाभा सर्वत्र बहुतांशी एकच आहे, शून्य सर्वत्र धरावेच लागते, आणि स्क्रूचे त्रैराशिक कोणत्याही कंपनीने बदललेले नाही. आपली मुले तेथे हिरव्या बटणापाशी उभी राहिली तरी बटणामागे काय चालले आहे हे जाणून उभी राहतील. ज्यांना स्वतःचे छोटे दुकान काढावयाचे आहे, त्यांना नियंत्रणप्रणालीचा खर्च तरी पडणार नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि ती काहींस रुचणार नाही हे जाणून सांगतो. गेल्या वर्षापासून शेजारच्या गल्लीतील दोन मुले या वर्गास येतात. ती आपल्या ज्ञातीची नाहीत. वसतिगृह समाजाच्या पैशाने उभे राहिले, तेव्हा वर्ग समाजाच्या मुलांपुरता असावा, असे मंडळाच्या बैठकीत काही वडीलधाऱ्यांनी बोलून दाखविले. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. ज्यांनी मूठ-मूठ धान्य जमवून ही वास्तू बांधली, त्यांचा शब्द मोठा आहे. तथापि आमची विनंती एवढीच की, ही प्रणाली ज्यांनी घडविली त्यांनी ती देताना आमची जात विचारली नाही, देश विचारला नाही, दामही विचारले नाहीत. पुढे देताना खुलीच ठेवा, एवढी एकच अट घातली. ती अट संगणकावर पाळावयाची आणि खोलीच्या दारावर मोडावयाची, हे आम्हांस शोभेल काय? आमच्या घरात एक विद्या दार लावून जपली गेली, आणि ज्या मुलांसाठी जपली त्यांनाही ती मिळाली नाही. दार उघडे ठेवल्याने आपल्या मुलांच्या वाट्याचे काही कमी झाल्याचे तीन वर्षांत आम्ही पाहिले नाही. उलट चौकोनातला आयत ओळखणारी मुलगी आणि शून्य शिकविणारा मुलगा, दोघेही आपलेच आहेत, आणि ते सर्वांस शिकवीत आहेत. निर्णय मंडळाचा; तो जो होईल तो आम्ही मानू. आमचे मत मात्र आज येथे नोंदवून ठेवतो.

एकंदर सांगावयाचे ते हे की, नवशिक्यास यंत्राची आज्ञा शिकविण्याआधी शून्य धरावयास शिकवावे. कोठून मोजतो आहोत हे ज्याला ठाऊक आहे, त्याची पुढची चूक सुधारता येते. शिक्षकासही हाच नियम लागू आहे. मुलास काय येते तेथे शून्य धरावे, आपणांस काय येते तेथे नव्हे. आम्हांस हे साठी उलटल्यावर उमगले.

ज्या बंधुभगिनींना रविवारी सकाळी दोन तास देता येतील, त्यांनी वर्गावर अवश्य यावे. यंत्रविद्या येत नसली तरी चालेल. ज्या वृद्ध कारागिरांच्या हातात अजून जुनी विद्या आहे, पाणी देण्याची, घडविण्याची, कोरण्याची, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे की त्यांनीही एकदा यावे आणि मुलांसमोर, दार उघडे ठेवून, ती करून दाखवावी. आम्ही ती लिहून ठेवू.